नवख्यांची लढाई

“बटनं पाहिजेत. दोन रंगांची.”

ईश्वरीने तराजूवरून मान वर केली. लातूरला मावशीकडे राहून बी.ए.ची परीक्षा आटोपून ती नुकतीच सिरसाळ्याला परतली होती. आप्पा जेवायला आत गेले की दुकानात बसायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं, कारण घरात दिसली की आई तिच्यापुढे निवडायला तांदळाचं सूप ठेवायची. समोर उभा असलेला मुलगा उंच होता, सावळा. उन्हातून आल्यामुळे त्याने डोळे बारीक केले होते.

“किती देऊ?”

“हायेत तेवढी सगळी.”

“सगळी? सदरा शिवताय का शामियाना?”

तो हसला, पण खाली बघून. “सैन्य उभं करायचंय.”

“कुणावर चालून जायचंय?”

“ते अजून ठरलं न्हाई... तुमी येता का समोरून?”

तिने बटणांचा डबा जरा जोरातच पालथा केला. गल्ल्यावर बसलेल्या मुलीशी असं बोलायची पद्धत सिरसाळ्यात नव्हती. रागवायला हवं होतं खरं... पण हसू आवरता आवरेना.

त्याचं नाव शहादेव. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हा औरंगाबादला पॉलिटेक्निक करून परत आला आणि एस.टी.डी. बूथ काढतो म्हणाला, तेव्हा बाजारपेठेत त्याला कुणी जागा देईना. ईश्वरीचे वडील, बसप्पा, ज्यांना सगळा गाव आप्पाच म्हणायचा, त्यांनी दुकानालगतची पोत्यांची खोली रिकामी करून दिली. “शिकलेलं पोरगं हाय, बसू द्या,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून शहादेव आप्पांच्या सावलीवरसुद्धा पाय पडू द्यायचा नाही.

आणि सैन्य खरंच होतं. हॉस्टेलातल्या पोरांनी मिळून एक डाव बसवला होता. गोणपाट उसवून टेबलावर पसरायचं, त्यावर गेरूने डोंगर काढायचे, निळीने नदी. बटणं म्हणजे पायदळ, चिंचोके म्हणजे घोडदळ, दोऱ्याची रिकामी रिळं म्हणजे तोफा. कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या तेवढी चाल. बूथवर लाइन लागेपर्यंत ताटकळणाऱ्यांना शहादेव हा डाव शिकवायचा, आणि लाइन लागली तरी लोक म्हणायचे, थांब रे, माझी तोफ नदीत अडकलीय. आता त्याला स्पर्धा भरवायची होती. तोडीवरची माणसं चैत्रात गावी आली की मठाच्या ओवरीत. आणि तीही ज्यांनी कधी डाव बघितलासुद्धा नाही, अशांची.

ईश्वरी त्यात कधी शिरली ते तिलाही सांगता आलं नसतं. गोणपाटं शिवायला म्हणून ती बूथच्या पायरीवर बसू लागली, मग नद्या काढू लागली.

“नदी वाकडी झाली,” तो म्हणायचा.

“नदी वाकडीच असती. सरळ असतो तो कॅनॉल.”

“मग आमचं सैन्य उतरणार कुठून?”

“उतार शोधावा माणसानं. कावून, सगळं मीच सांगायचं का?”

यावर तो तिच्याकडे बघायचा... नुसता बघायचा, आणि निळीच्या वाटीत पुन्हा पाणी घालायचा. सैन्य चालवणारा माणूस, पण तोंडातून एक शब्द पुढे सरकायचा नाही.

स्पर्धेचे नियम त्याने केले होते, तेही त्याच्यासारखेच. नवा माणूस चुकत असेल तर मारायच्या आधी त्याला सांगायचं. कुणी एकटा आला तर शहादेवने स्वतः त्याच्यासमोर बसायचं. आल्या माणसाला तसं परत पाठवायचं नाही. आणि ज्याच्याशी खेळताना लोकांना सगळ्यात मजा आली, नारळ त्याला.

“आणि जो जिंकंल त्याला?”

“तो जिंकला की. अजून काय पाहिजे त्याला?”

ईश्वरीला त्या उत्तराचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे तिला त्याचीच चीड आली, पण ते पुढे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, उदगीरची माणसं तिला बघायला आली. मुलगा केदारनाथ, घरचं कापडाचं दुकान, बोलायला सभ्य. तिला पसंत करून मोठी माणसं त्याच दिवशी गेली, तो मात्र परळीचं दर्शन करायचं म्हणून थांबला. आप्पांनी तिला जवळ बसवून सांगितलं, “तुझ्या मनाविरुद्ध मी काय करायचो न्हाई. सोमवारी मला सांग. हो म्हण, न्हाई म्हण.”

संध्याकाळी ती बूथच्या पायरीपाशी गेली.

“बघायला आलते मला.”

“हां... कळलं.”

“एवढंच?”

शहादेवने पिशवीतल्या कवड्या चाचपल्या. “उद्या कवड्या कमी पडतील का हो?” त्याने विचारलं.

रविवारी सकाळपासून ओवरी माणसांनी भरली. बायका दाराशी घुटमळत होत्या, त्यांना ईश्वरीने हाताला धरून आणलं. शहादेवची आई मंजुळाबाई तर खांबामागेच उभी.

“मला न्हाई रं जमायचं. हात बघ माझे, बटन चिमटीतबी येईना.”

शहादेव टेबलाशी आला. त्याने तिच्या बाजूची सगळी बटणं काढली आणि त्यांच्या जागी खारका मांडल्या. मंजुळाबाईने एक खारीक उचलून नदीपार ठेवली आणि तोंडावर पदर धरून हसली. ईश्वरीने ते बघितलं आणि त्या घडीला तिचं मन पक्कं झालं. हाच हवा. उदगीर नको, कापडदुकान नको.

दुपारी वळवाची एक सर आली. कडेची गोणपाटं भिजतील म्हणून दोघं एकदमच धावले, एकाच गोणपाटाची दोन टोकं धरून आत ओढताना तिची बोटं त्याच्या मुठीत सापडली. ओल्या मातीचा वास, पत्र्यावर ताडताड आवाज... आणि त्याने हात लगेच सोडला नाही.

“सोडा की,” ती म्हणाली.

“सोडतोय...”

तेवढ्यात छत्री मिटत आप्पा आत आले, मागे केदारनाथ. आप्पा कौतुकाने म्हणाले, “बघा आमच्या गावची गंमत. शहादेव, पाव्हण्यांना शिकव जरा.” आणि ते मठात गेले. केदारनाथ एकटा उरला. नियमच तसा होता. शहादेव त्याच्यासमोर बसला.

ईश्वरी पलीकडच्याच टेबलावर बायकांना तोफा समजावत होती. केदारनाथ मन लावून खेळला, चुकला की हसला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर सोपं झालं असतं. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही शेजारी आहात म्हणून विचारतो. मुलगी कशी आहे?”

स्थळाकडच्यांनी विचारलं तर गावाने मुलीबद्दल चांगलंच बोलायचं, ही रीत सगळ्या मुलखात आहे. वैरीसुद्धा पाळतो. पण गप्प बसायला काही रीत आडवी येत नाही. ईश्वरीच्या हातातली कवडी हातातच राहिली. गप्प बसा, ती मनात म्हणत होती, नुसते गप्प बसा, त्यांना कळेल.

“लई चांगली हाय,” शहादेव म्हणाला. “बोलायला तिखट, पण मन साफ. तुमी सुखात ऱ्हाल.” मग गोणपाटावर वाकून म्हणाला, “आन् ते बटन मागं घ्या. माझी तोफ हाय तिथं.”

शेवटी नारळ कुणाला म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी शहादेवचंच नाव घेतलं. सगळ्यात आधी हात वर केला केदारनाथने.

माणसं गेल्यावर दोघं गोणपाटांच्या घड्या घालत होते. उन्हं उतरली होती.

“तसं कावून सांगितलं त्यांना?”

“खोटं सांगायचं का? पोरीबद्दल गावाला विचारलं तर...”

“मी गावाला विचारत न्हाई. तुमाला विचारतेय.”

तो घडी घालायचा थांबला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. “तुमी दुकानात दिसला न्हाई तर... माझा दिवस उगवतच न्हाई. लातूरहून आला त्या दिवसापासून. झालं?”

एवढ्यासाठी ती किती दिवस थांबली होती. तरी ती म्हणाली, “न्हाई झालं. हे आप्पांना सांगा. जात निराळी, घर निराळं, आई रडंल, भावकी बोलंल, ते सगळं मी बघते. उदगीरला न्हाई मीच म्हणते. पण आप्पांपुढं मी एकटी उभी ऱ्हाणार न्हाई. उद्या सकाळी दुकानात या.”

“येतो.”

आणि तो आला. इस्त्रीचा सदरा घालून, केस नीट विंचरून. ईश्वरी आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी होती. आप्पांनी चष्मा वर केला.

“ये शहादेव, बरं झालं आलास. पोरगी हो म्हणाली तर आखाडाच्या आत उरकून टाकू म्हणतो. पण पंगतीचं बघायला भरवशाचा माणूस पाहिजे. मला घरच्यासारखा तूच हायेस.”

ईश्वरीला पडद्याच्या फटीतून शहादेव दिसत होता, एक पाऊल पुढे आलेला. एक बोलायचंय आप्पा, एवढंच म्हणा, ती मनात विनवत होती. पुढचं सगळं मी बोलते. पडदा बाजूला सारायला तिने हातही उचलला होता.

“पंगतीचं मी बघतो, आप्पा,” शहादेव म्हणाला. “तुमी काळजी करू नका.”

त्याने ते मनापासून म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. हा माणूस कुणालाच दुखवू शकत नव्हता, तिला सोडून. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. त्या रागातच ती बाहेर आली.

“आप्पा, सोमवारी सांग म्हणाला होता. माझं हो हाय.”

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी पोत्यातली मूठभर साखर काढली, आधी तिच्या हातावर ठेवली, मग शहादेवच्या. “घे रे, तोंड गोड कर.”

शहादेव साखर तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. आज पहिल्यांदा त्याने नजर खाली नेली नाही.

“घ्या की,” ईश्वरी म्हणाली. “आनंदाची गोष्ट हाय.”

त्याने साखर तोंडात टाकली. ती विरघळून जाईपर्यंत ईश्वरी तिथेच उभी राहिली. त्यानंतरही तो काही बोलला नाही, तेव्हा ती आईला सांगायला आत गेली.