पालीला घाबरणारा डॉक्टर

तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि प्राण्यांचे डॉक्टर थेट खुर्चीवर चढले.

"अहो, ही पाल आहे!"

"गेको म्हणतात या जातीला. फोनवर सांगितलं होतं मी."

"मला वाटलं, कुत्र्याचं नाव असेल..."

हसावं की रडावं, तिला कळेना. हा तिसरा डॉक्टर. पहिल्यानं 'लोक पाली हाकलतात आणि तुम्ही औषधपाणी करता?' म्हणत वाटेला लावलं होतं. दुसऱ्यानं धड न बघताच कसलीशी पावडर दिली होती. आणि डब्यात तिचा शेठ, पिवळाधमक, अंगभर काळे ठिपके, पाय आखडून उपाशी बसला होता. आई रोज ऐकवायची, "पाल पाळणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?" पण वडिलांमागे घड्याळदुरुस्तीचं दुकान एकटीनं चालवताना दिवसभर सोबत असायची ती या शेठचीच. त्याला काही झालं तर... पुढचा विचार ती करतच नव्हती.

डॉक्टरांनी वरूनच टॉर्च मारला. बघता बघता त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बोटांना जुनी कात अडकलीय. दोऱ्यासारखी आवळलीय बघा. निघाली नाही, तर बोटं गळून पडतील." मग ते ओशाळले. "मला कळतं सगळं, फक्त हात लावता येत नाही. लहानपणी एक अंगावर पडली होती. बैल आडवा पाडतो हो मी, पण ही... दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता देतो. लांब आहेत, पण चांगले आहेत."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"पत्ता राहू दे. तुम्ही सांगा, मी करते. बारीक कामाची सवय आहे मला."

मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून ती येऊ लागली. शेठचे पाय कोमट पाण्यात भिजवायचे, ओल्या कापसानं एकेक बोट हलकेच सोडवायचं. डॉक्टर आधी दारातूनच सूचना द्यायचे. मग कपाटापाशी आले, मग टेबलापाशी. एक दिवस तर अगदी तिच्या खांद्याशी... आणि कधी नव्हे तो तिच्या हातून कापूस निसटला.

"दमलात?"

"तुम्ही जरा लांब उभे राहा ना."

"का? आता तर भीती कमी झालीय."

"तुमची झालीय!" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

शेवटचं बोट फार चिवट निघालं. कात अर्धी सुटली आणि शेठ उसळला.

"धरा त्याला! शेपूट नको, तुटेल... पोटाखालून!"

डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले आणि धरलं. कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात तसूभर हलला नाही. कात निघाली. सगळी बोटं मोकळी, गुलाबी. तिला रडूच आलं.

"झालं ना?" डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. आवाज मात्र पडला होता. "आता... उद्यापासून यायची गरज नाही."

"हो ना."

तिनं उगाच कापूस आवरला, चिमटा पुसला, डबा पुढे सरकवला. डॉक्टर जागचे हलले नाहीत.

"डॉक्टर, शेठ अजून तुमच्या हातात आहे."

"माहितीय." त्यांनी डोळे उघडले, पण पालीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "सोडला की तुम्ही जाल."

मग तिनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसली.

"मग धरून ठेवा," ती म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"