खांद्यापर्यंतचे हातमोजे

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण त्या डिसेंबरात सणसरला थंडी अशी पडली, की आमचा कोंबडा पाचला आरवला आणि आवाज घरात आला सव्वासातला. त्यात अवकाळी पावसाची रिपरिप. अशा सकाळी गेणबाच्या गोठ्यात एक अनोळखी पोरगी गाईच्या मानेखाली दोन्ही हात घालून, डोळे मिटून उभी होती... दाराशी शर्यतीची सायकल टेकवलेली.

तेवढ्यात सिद्धू आला. गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, काम करतो. पदवी नाही, तरी पाच गावं त्याला डॉक्टर म्हणतात.

"पेशंट कोण हाय?" त्यानं विचारलं. "गाय, का तुमी?"

"गाईला इचारा. मी फक्त पाच मिनिटं ऊब मागितली."

"लाथ मारती ती."

"मला न्हाय मारली अजून. तुमालाच मारत असंल."

नाव स्वरूपा, गाव कोऱ्हाळे बुद्रुक. रविवारी बारामती ते इंदापूर मुलींची सायकल शर्यत होती, तिचा सराव याच रस्त्यावर. तिची सायकल क्लबची, उसनी. पहिली आली तर वर्षभर तिच्याकडं राहणार, नाहीतर सोमवारी परत. पायांची तिला काळजी नव्हती, हातांची होती. गेल्या साली अंथुर्ण्याच्या वळणावर बोटं इतकी बधिर झाली, की ब्रेक दाबला का नाही तेच कळेना, आणि बाई थेट उसात.

"लोकरीचे मोजे घातले व्हते," ती म्हणाली. "भिजले की बर्फ."

सिद्धूनं तिच्या बोटांकडं पाहिलं. निळसर, टोकाला सुरकुतलेली... स्वतःचे कोरडे लोकरीचे मोजे काढून तिला दिले आणि पिशवीतून गाई तपासायचे प्लॅस्टिकचे हातमोजे काढले. कोरे करकरीत, खांद्यापर्यंत लांब. भोक आहे का बघायला एकेकात फुंकर मारली.

"आत लोकर, वर हे. पाणी न्हाय, वारं न्हाय."

"हे घालून शर्यतीला जाऊ? लोकं काय म्हणतील?"

"लोकं मागं राहतील. ऐकू कुठं येतंय?"

ती हसली. तिथंच सिद्धूचं काम झालं, असं मी म्हणतो.

पुढं रोज सकाळी तिचा एक मोजा फाटायचा आणि रोज नेमका गेणबाच्या गोठ्यापाशीच फाटायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, गाईलाच माहीत. गेणबा वैतागून म्हणाला, "आरं, माझी गाय एकदाच भरवायची व्हती. डॉक्टर रोज कशाला?"

शनिवारी सिद्धूनं नवी जोडी काढली. पहिल्या मोज्यात फुंकर मारली. दुसऱ्यात मात्र तोंड जरा जास्तच वेळ राहिलं... ओठ हलले.

"आत काय बोललास?"

"काय न्हाय. भोक बघितलं."

कान लाल झाले होते. थंडीनं, म्हणे.

रविवारी पाऊस आडवा झोडपत होता. स्वरूपा अंथुर्ण्यापर्यंत सगळ्यांच्या पुढं. आणि वळणावर, भर रस्त्यात, घोंगडं पांघरून तिथले सोपानतात्या हात वर करून उभे. पहाटेपासून डॉक्टरची वाट बघत होते. दुरून खांद्यापर्यंतचे मोजे दिसले, अजून काय पाहिजे?

तिनं ब्रेक दाबला. बोटांनी ऐकलं. सायकल तात्यांच्या पोटापासून चार बोटांवर थांबली.

"डॉक्टरीणबाई, हिकडं या. गाय माजावर आलीया, थांबायची न्हाय."

शेजारून इंदापूरची इरा सर्रकन पुढं गेली.

"तात्या, डॉक्टर मागनं येतोय. शब्द देते. सोडा आता."

तात्या बाजूला झाले. इंदापूरच्या अलीकडं चढ लागला, तिथं तिनं इराला गाठलं. इराची बोटं गारठून लाकूड झालेली. गिअर बदलायला जावं तर खटका दबेना. स्वरूपानं बदलला. टक्... टक्. चाकभर अंतरानं जिंकली. मी लोकांना दोन किलोमीटर सांगतो.

सिद्धू मोटारसायकलवर पोचला तासाभरानं. तात्यांनी त्याला रस्त्यातच धरला होता. शब्द तिनं दिलेला, पाळला यानं. हात उघडे, कारण त्याचे मोजे तिच्या हातात. बोटं अशी आखडलेली, की हेल्मेटचा पट्टा निघेना. तिनंच काढला.

"आलास, डॉक्टर? झालं का सोपानतात्यांचं काम?"

"झालं. तात्या म्हणाले, तुमची असिस्टंट लई घाईत व्हती."

"असिस्टंट?" तिनं मोजे उतरवले. तिचे हात गाईच्या मानेखाली असावेत तसे उबदार. त्याचे दोन्ही हात तिनं त्यात घेतले. "शनिवारी मोज्यात काय बोललास, ते सांग. सकाळपासनं या हाताला गुदगुल्या हायत."

"भोक..."

"सिद्धू."

तो एकदा सायकलकडं बघत राहिला, एकदा तिच्याकडं.

"म्हणलं, पहिली आली तर सायकल तिची. न्हाय आली तर... निदान मी तरी तिचा."

"आन पहिली आले की. मग?"

"तर बी," सिद्धू म्हणाला.

"सोमवारी कायतरी परत करायचंय, असं वाटत व्हतं मला," ती म्हणाली. "आता कायच करायचं न्हाय."

पाऊस थांबला. बक्षिसासाठी माईकवर तिचं नाव तीनदा पुकारलं. ती हलली नाही. हात गरम होऊ देत, म्हणाली.

ते कधीच झाले होते. दोघांनाही ठाऊक होतं.