एक्केचाळीस टक्के हवा

टिंब पेन्सिलचं होतं. व्यास जेमतेम दीड मिलिमीटर. पण ते इतकं दाबून काढलं होतं, की ताळेबंदाच्या पानामागे बारीक उंचवटा उठला होता. विनया कारखानीसनं त्यावरून बोट फिरवलं.

"हे बँकेच्या साहेबांनी केलं?"

"हो. आणि मग फाइल बंद केली," अबोली देवस्थळी म्हणाली.

फेब्रुवारी १९९८ मधली गुरुवारची सकाळ होती. दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर विनयानं खासगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून तेच तिचं ऑफिस होतं. तिचे धाकटे दीर अशोकराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. ते कोपऱ्यात मटार सोलत बसले होते आणि कामात मदत करतोय असं समजत होते.

टिंबाशेजारी एकच शब्द होता: गुडविल. पुढे आकडा: बासष्ट लाख. खाली एकूण मालमत्ता: दीड कोटी.

"एक्केचाळीस टक्के," विनया म्हणाली. "बांधकाम कंपनीच्या मानानं फार."

"साहेब म्हणाले, ही हवा आहे. हवेवर बँक गॅरंटी देत नाही. सोमवारपर्यंत बँकेची ही हमी आम्ही दिली नाही, तर द्वारकेच्या सोसायटीचं काम जाईल. चाळीस माणसं आहेत आमच्याकडे."

"आणि मग?"

"मग बाबा कंपनी विकतील. गुडगावच्या एका बिल्डरनं मागितली आहे. मी सिव्हिल इंजिनीअर आहे, सहा वर्षं साइटवर उभी राहते. मला द्या, असं दोन वर्षं सांगतेय. बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात."

तिनं बिल्डरचं पत्र पुढे केलं. विनयानं ते दोनदा वाचलं. शेवटची अट होती: नोएडा यार्डाच्या चाव्या व्यवहाराच्या दिवशीच मिळाव्यात.

"वहिनी, हे गुडविल म्हणजे नेमकं काय हो?" अशोकरावांनी विचारलं.

"यांच्या कंपनीनं एक चालता धंदा नव्वद लाखांना विकत घेतला. त्यातल्या वस्तू मोजल्या, देणी वजा केली. अठ्ठावीस लाख भरले. उरलेले बासष्ट कशाचे दिले? नावाचे, ओळखीचे. त्या उरलेल्याला गुडविल म्हणतात."

"म्हणजे बासष्ट लाख कोणीतरी खाल्ले!"

"भाऊजी, मटार सोला."

ही खरेदी झाली होती १९९४ मध्ये. अबोलीच्या वडिलांनी, श्यामकांत देवस्थळींनी, त्यांचे मित्र दिनकर साने यांचा धंदा घेतला होता. दिनकररावांनी आकडा सांगितला, श्यामकांतांनी यादी न बघता चेक फाडला. मित्राचा माल मोजून घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. महिन्याभरात दिनकरराव हृदयविकारानं गेले.

*

कंपनीचं ऑफिस देवस्थळींच्या सोसायटीतच, तळमजल्यावर होतं. हिशेबनीस सूर्यकांत लेले बावीस वर्षं तिथे होते. त्यांनी कपाटातून यादी काढली.

"ही मीच केली, बाई. दिनकरराव गेल्यावर. त्यांच्या कागदांच्या पेटीला मालक कोणाला हात लावू देईनात, मग आठवेल ते लिहिलं. मिक्सर, ट्रक, शटरिंगच्या प्लेट्स. यार्ड भाड्याचं, म्हणून त्याची किंमत धरली नाही."

यादीत एवढंच होतं: 'नोएडा यार्ड, भाड्याचं.'

"भाडं किती देता?"

सूर्यकांतांनी चष्मा काढला. "देत नाही. दिनकरराव एकदा फोनवर म्हणाले होते, दरवर्षी नोएडा अथॉरिटीला भरायचं असतं, ते मी एकदम भरून टाकलंय. म्हणजे आगाऊ भाडं, नाही का? आमच्या पुण्यात जमीन एक तर आपली, नाही तर भाड्याची."

"यार्ड पाहिलंय तुम्ही?"

"मी कशाला जातोय तिकडे? धूळ नुसती."

शेजारच्या केबिनमध्ये श्यामकांतांचा भाचा नीरज होता. शहाण्णव साली मॅनेजर म्हणून आलेला, हसतमुख, टाय लावणारा.

"विनयाताई, सिंपल आहे यार. मामांनी तेव्हा जास्त पैसे दिले. हो गया. आता विकून मोकळं व्हावं."

"यार्डाच्या चाव्या का हव्या आहेत त्यांना?"

"फॉर्मॅलिटी! अठराशे स्क्वेअर मीटर गवत आणि गंजलेल्या प्लेट्स, दुसरं आहे काय तिथे?"

"यार्डाचे कागद कुठे मिळतील?"

"मला काय माहीत? मी आलो त्याच्या आधीचं सगळं. कधी पाहिलेसुद्धा नाहीत."

बाहेर आल्यावर अशोकराव कुजबुजले, "वहिनी, हिशेबनीसच. चष्मा काढला ना, तेव्हाच ओळखलं मी."

"डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. दिनकररावांचं नाव निघाल्यावर."

*

दुपारी विनया आणि अशोकराव स्कूटरवरून नोएडाला गेले. यार्डात गवत गुडघ्याएवढं होतं. चौकीदाराची बायको पार्वती हातपंपावर बादली भरत होती.

"पानी मीठा है, बीबीजी," ती म्हणाली. "दिनकर साहब ने दो सौ फुट खुदवाया था. दीवार भी उन्हीं की."

विनया भिंतीच्या कडेनं चालत गेली. एका जागी तिनं चपलेनं माती उकरली. खाली काँक्रीटचा पक्का पाया होता.

"भाऊजी, तुम्ही भाड्याच्या घरात बोअर खणाल?"

"मी खिळासुद्धा ठोकत नाही. घरमालक ओरडतो."

"उद्या अथॉरिटीच्या ऑफिसात रांगेत उभे राहा. या प्लॉटच्या कागदांची नक्कल काढा, अबोलीचं अधिकारपत्र देते सोबत. आणि नकलेच्या रजिस्टरवर सही करताना तुमच्या आधी या प्लॉटसाठी कोणी सही केली आहे का, ते बघा."

अशोकराव साडेचार तास उभे राहिले. नंतर वर्षभर ते प्रत्येकाला सांगत होते.

*

शनिवारी सकाळी सगळे श्यामकांतांच्या बैठकीत जमले. श्यामकांत खिडकीशी बसले होते. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस गेल्या दोन वर्षांत जास्तच म्हातारा झाला होता.

"प्रयोगशाळेत मी कोळशाची राख तोलायचे," विनयानं सुरुवात केली. "राख प्रमाणाबाहेर आली, की पहिली शंका एकच. पूर्ण जळलंय ना? गुडविलही राखेसारखंच आहे. ते कोणी मोजत नाही, मागे उरतं. ते एक्केचाळीस टक्के उरलं, तर दोनच शक्यता. किंमत जास्त दिली, किंवा एखादी वस्तू मोजायची राहिली."

"माझा दिनकर जास्त मागणार नाही," श्यामकांत म्हणाले.

"नाहीच मागितले त्यांनी. ज्या जागेचं चार वर्षं कोणी भाडं मागायला आलं नाही, जिथे माणसानं बोअर खणली, पाया घालून भिंत बांधली, ती जागा त्याची असते. नोएडात अथॉरिटी प्लॉट विकत नाही, नव्वद वर्षांच्या पट्ट्यानं देते. किंमत सुरुवातीलाच मोजून घेते, वर वर्षाला थोडी रक्कम लावते. दिनकररावांनी तीही एकदम भरली. आणि जाण्यापूर्वी पट्टा तुमच्या कंपनीच्या नावावर करून दिला. ही नक्कल. मूळ कागद त्या न उघडलेल्या पेटीत असतील."

सूर्यकांत उठून उभे राहिले. "म्हणजे माझी चूक! मालक, मी—"

"प्रामाणिक चूक. जागा तेव्हा पन्नास लाखांची होती. बासष्टातून पन्नास काढा. गुडविल उरतं बारा लाख, म्हणजे आठ टक्के. एकूण मालमत्ता तेवढीच, दीड कोटी. पण त्यातले पन्नास लाख हवा नाहीत, जमीन आहे. आणि जमिनीवर बँक गॅरंटी देते."

अबोलीनं तोंडावर हात धरला.

"तर मग चोर कोण?" अशोकरावांना राहवेना.

"चोरी झालेली नाही. होणार होती. यार्ड भाड्याचं असेल, तर त्याच्या चाव्या बिल्डरला कशाला हव्यात? त्याला खरं ठाऊक होतं. सांगितलं कोणी? यादीत जागेचं माप नाही. लेल्यांनी यार्ड पाहिलेलं नाही. मला मात्र एकानं अठराशे स्क्वेअर मीटर असं नेमकं, नकलेत आहे तेवढंच सांगितलं, आणि त्यानं कागद कधी पाहिलेच नव्हते." तिनं एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "अथॉरिटीच्या रजिस्टरात गेल्या ऑक्टोबरात याच प्लॉटची नक्कल नेल्याची सही आहे. भाऊजींनी उतरवून आणलंय. नीरज, सही तुमची."

नीरजचा हात टायकडे गेला. "मामा, मी सांगणारच होतो... त्यांनी फ्लॅट देतो म्हटलं, गुडगावला..."

"जा," श्यामकांत हळू म्हणाले. "तू घरी येतोयस, एवढंच तुझ्या आईला फोनवर सांगतो. का, ते सांगणार नाही. तूच सांग."

दार लागलं. खाली सोसायटीत भाजीवाला मटार, गाजर ओरडत होता.

"मनातून मला वाटत होतं, दिनकरनं मला फसवलं," श्यामकांत म्हणाले. "चार वर्षं. पेटी उघडायची हिंमत नव्हती, ती त्यामुळेच. आणि ज्याला आपला मित्र ओळखता आला नाही, त्यानं पोरीला काय ओळखावं? कंपनी पोकळ आहे, ती हिच्या गळ्यात कशी बांधू? म्हणून नुसतं बघू, बघू."

"बाबा, पोकळ असती तरी मी घेतली असती."

श्यामकांतांनी तिच्याकडे पाहिलं. मग बिल्डरचं पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं.

"लेले, सोमवारी बँकेत तुम्ही अबोलीबरोबर जा. कंपनी विकायची नाही. आजपासून ती हिची."