उताराकडचं दार

दिवा थोडा इकडे सरकवा, म्हणजे सांगताना तुमचा चेहरा दिसेल. अंधारात ही गोष्ट सांगणं मला अजून जमत नाही.

मुरबाडला शिलाई मशीनचा पट्टा आणि थोडी बटणं आणायची होती. किन्हवलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि लग्नसराईत मशीन बंद ठेवून चालत नाही. दिपिका, माझी मुलगी, म्हणाली की आईलाही घेऊन जा आणि येताना माझ्याकडे जेवा. माझ्याकडे म्हणजे तिच्या कामाच्या जागी.

मुरबाडहून किन्हवलीकडे येताना, रस्त्यापासून थोडं आत, टेकाडाच्या उतारावर इंग्रजांच्या काळातलं एक दगडी गोदाम आहे. त्या वेळी तिथे मोहाची दारू गाळून साठवत. पुढे कित्येक वर्षं आत फक्त वटवाघळं होती. मग मुंबईच्या एका माणसाने ते घेतलं. भिंतींचा चुना खरवडून दगड मोकळा केला, सागाच्या जुन्या तुळयांना तेल पाजलं, वरच्या दालनात हॉटेल थाटलं आणि तळघरात बिअर बनवायच्या मोठमोठ्या टाक्या बसवल्या. दिपिका बी.एस्सी. झाल्यावर त्या टाक्यांवरच कामाला लागली होती.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दिपिका पांढरा कोट घालून दारात उभी होती. तिने आम्हाला भिंतीजवळच्या टेबलाशी बसवलं. तिथून चार पावलांवर तळघराचा जिना होता. सुंदरा, माझी बायको, खुर्चीच्या कडेवर बसून सगळीकडे बघत होती. सोयरिकीची माणसं विचारतील तेव्हा काय सांगायचं, असं तिचं सकाळपासून चाललं होतं.

"काय सांगू, पोरगी दारू गाळते?" ती म्हणाली.

"गाळत नाय गो आई, आंबवते," दिपिका म्हणाली. "तू इडलीचं पीठ आंबवतेस तसंच."

"माझी इडली खाऊन कोण गटारात पडला नाय अजून."

दिपिकाने माझ्यापुढे छोटा ग्लास ठेवला. कडवट, गार, भाजलेल्या धान्याच्या वासाचं ते पाणी मी घोटघोट प्यालो. तांदळाची भाकरी आली, तळलेले बोंबील आले, काळ्या दगडी ताटलीत वालाचं बिरडं आलं. पोरीच्या कष्टाचं जेवण होतं ते. मला भरून आलं होतं.

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारा बसला होता. गुडघ्यापर्यंत धोतर आणि अंगात मांजरपाटाची बंडी. त्याच्यापुढे ताट नव्हतं, पाणीसुद्धा नव्हतं. अशा ठिकाणी पाहुण्यांना जुन्या काळात आल्यासारखं वाटावं म्हणून अशी माणसं मुद्दाम बसवतात, असं मी ऐकलं होतं. माझी नजर शिंप्याची. बंडीच्या शिवणीवर ती आपोआप गेली. सगळे टाके हाताचे होते. खांद्यालाही मशीनची एक रेघ नव्हती. असं काम मी माझ्या गुरूच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या कपड्यांत तेवढं पाहिलं होतं.

दिवेलागणीला वीज गेली. गिऱ्हाईक फार नव्हतंच. पोरांनी टेबलाटेबलावर काचेचे छोटे कंदील आणून ठेवले, आत मेणबत्त्या. दिपिका उठली. एका टाकीची चावी हाताने फिरवावी लागणार होती. तुम्ही जेवत राहा, ही आलेच, असं सांगून ती मोबाइलच्या उजेडात जिना उतरली.

त्यानंतर वास आला. बिअरचा नव्हे. भिजून आंबलेल्या मोहाच्या फुलांचा, गोड, जड वास. मोहाचा हंगाम होता, पण गोदामाच्या आसपास मोहाचं झाड नाही.

"दिवा सोडला का?"

म्हातारा बोलला होता. आवाज हळू, घशात ओलावा असल्यासारखा. माझ्याकडे न बघता तो जिन्याकडे बघत होता.

"कसला दिवा, बाबा?"

"पोर खाली गेली... दिवा सोडला का आधी?"

आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी कंदील दोरीने खाली सोडतात. विझला तर खाली हवा वाईट. मग कुणी उतरायचं नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण विहीर वेगळी आणि हॉटेल वेगळं, असंच मी धरून बसलो होतो. मी दिपिकाला हाक मारली. खालून उत्तर आलं नाही.

टेबलावरचा कंदील उचलला, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या कडीला बांधला आणि जिन्याच्या तोंडाशी पालथा पडून तो खाली सोडला. वारा नव्हता. ज्योत फडफडली नाही. ती बारीक झाली, निळी झाली, आणि कुणी दोन बोटांत चिमटावी तशी गेली.

हरेश, दिपिकाबरोबर काम करणारा मुलगा, धावत आला आणि तसाच उतरायला निघाला. मी त्याची कंबर धरली. तो सुटायला धडपडत होता. माझीच लेक खाली होती, माझेही पाय तिकडेच ओढत होते. पण त्याला सोडलं असतं तर तोही तिच्याजवळ पडला असता, त्याच्यामागून मी.

"कुणी उतरू नका..." माझ्या कानाशी तोच ओला आवाज आला. "उताराकडचं दार उघडा."

हरेश म्हणाला, तिकडे दार नाही, जुनी भिंत आहे. तरी आम्ही इमारतीला वळसा घालून पळालो. घाणेरीच्या झुडपांमागे दार होतं, पिंप बाहेर काढायचं, ठेंगणं, बाहेरून लोखंडी पट्टीचा आडणा लावलेलं. गंजलेला आडणा आम्ही दगडाने ठोकून पाडला. दार उघडलं तशी पायांवरून एक गार लाट उताराकडे वाहत गेली. डोळ्यांना काही दिसलं नाही.

दिपिका उंबऱ्याला टेकून पडली होती. जिना तळघराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मध्ये टाक्यांची रांग. ती इथवर कशी आली, हे हरेशला आजही कळत नाही.

आम्ही तिला हॉटेलच्या जीपमध्ये घातलं. सुंदरा तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या नावाने हाका मारत होती. वाटेतलं शेणवा गाव मागे पडल्यावर पोरीने डोळे उघडले. शहापूरच्या दवाखान्यात रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी तिने चहा मागितला, तेव्हा सुंदरा भिंतीकडे तोंड करून रडली.

मागाहून कळलं की तळघरातला गॅस बाहेर ओढणारा पंखा दुपारीच बंद पडला होता, आणि धोक्याची घंटा विजेबरोबर मुकी झाली होती. त्या बंडीवाल्याबद्दल मी हॉटेलातल्या पोरांना विचारलं. त्या टेबलाशी कुणी बसलंच नव्हतं, असं ती म्हणाली. सुंदरानेही कुणाला पाहिलं नव्हतं. मी एकटाच बोलतोय, असं तिला वाटलं होतं.

खालच्या पाड्यावरच्या देवरामने मात्र मान हलवली. त्याच्या आज्याने त्याला सांगितलेलं की तळघरातल्या मोहाच्या हौदात एक गडी उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा गेला, त्याला काढायला तिसरा. बायाही गेल्या. त्यांचा मुकादम वर उभा होता. दिवा सोडायचं काम त्याचं, आणि त्या दिवशी त्याने तो सोडला नव्हता.

मी देवरामबरोबर जाऊन त्या दाराशी नारळ फोडला, पणती लावली. माझी पोर मला परत दिलीत, एवढंच म्हणालो आणि उंबऱ्यावर डोकं ठेवलं. आता तिथे नवा पंखा आहे, दार दिवसभर उघडं असतं, आणि दिपिका पुन्हा कामावर जाते. ती घरी आली की तिच्या चपलांचा आवाज ऐकून मी मनातल्या मनात त्या माणसाचे आभार मानतो. हे ऋण फिटायचं नाही.

तिने मला खालचं सांगितलं ते पावसाळ्यात, दुकानात दोघंच असताना. मी तिच्या कुडत्याचं माप घेत होतो.

"बाबा, खाली पंगत बसली होती. पानं वाढलेली. एक पान रिकामं होतं, त्याच्यावर नुकतंच पाणी शिंपडलेलं... मी बसले."

मी टेप खाली ठेवली.

"मग बंडीतल्या एका म्हाताऱ्यांनी मला उजव्या दंडाला धरून उठवलं. म्हणाले, तुझं इथं नाय. पण शेजारची बाई माझा डावा हात सोडेना. म्हणत होती, बस गो... तुझ्यासाठीच सगळे थांबलेत."

उजव्या दंडावर चार जाड बोटांचे वळ होते, ते मीही दवाखान्यात पाहिले होते. आठवड्याभरात ते गेले. खरं सांगतो, ते गेल्याचं मला वाईट वाटलं.

डाव्या मनगटावरचा, त्या बाईच्या हाताचा वळ अजून आहे. सुंदराला वाटतं, बांगडी घट्ट होते. मी तिचे कुडते हल्ली लांब बाह्यांचे शिवतो. दर वेळी माप घेतो, आणि दर वेळी तो वळ कोपराच्या थोडा आणखी जवळ सरकलेला असतो.