उजव्या सीटचा नवा पट्टा

दार लाव रे बेका, वारा आत येतोय. आणि शेगडीत एक लाकूड सरकव. लेवान, तू तो फोन ठेव खाली. किती वेळा बघशील त्या गाडीचे फोटो? उद्या रुस्तावीच्या बाजारात जाऊन प्रत्यक्षच बघणार आहात ना दोघं? अमेरिकेत ठोकलेली, इथं सरळ केलेली, निम्म्या किमतीत जर्मन गाडी. घ्या, खुशाल घ्या. नको म्हणणारा मी कोण? जन्मभर बस हाकलेला म्हातारा. फक्त जायच्या आधी नोदारचं काय झालं ते ऐकून जा. हो, हाच आपला नोदार, दोन घरं सोडून राहतो तो, लामाराचा मुलगा. हसतोस काय बेका? तू बसलायस तिथंच बसून त्यानं मला हे सांगितलंय. आणि शेवटचं तर मी स्वतः... राहू दे. ते शेवटीच.

गेल्या वर्षीची गोष्ट. बावीस नोव्हेंबरची रात्र, उजाडल्यावर गिओर्गोबाचा सण. लामारा सात वर्षांनी घरी येत होती. सात वर्षं इटलीत लोकांच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सांभाळल्या तिनं, आणि पै न् पै इकडं पाठवली. विमान मध्यरात्रीनंतर कुटाईसीला उतरणार होतं. नोदार पाहुण्यांना डोंगर दाखवायला न्यायचा, पण त्याच्या जुन्या जीपनं उन्हाळ्यातच मान टाकली होती. आता आईच्या पैशातून एक ऐटबाज गाडी घ्यायची, धंदा उभा करायचा आणि आईला पुन्हा परक्या दारात जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. गाडी खोटी निघाली तर म्हातारीला पुन्हा बॅग भरावी लागणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी होती मात्र देखणी. काळीभोर, आत सायीच्या रंगाचं चामडं. विकणारा जुंबेर जिभेवर साखर ठेवून बोलणारा. गाडीच्या अमेरिकन कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का, म्हणजे तिकडच्या विमा कंपनीनं ती मोडीत काढलेली. त्यात नवल काही नाही, त्या बाजारात निम्म्या गाड्या तसल्याच. ती कशानं मोडली, एवढंच विचारायचं असतं.

"गारा!" जुंबेर म्हणाला. "मुठीएवढ्या गारा पडल्या रे. टपाला पोचे आले, बस."

"मग तिकडच्या लिलावातले फोटो कुठं आहेत?" नोदारनं विचारलं. "नंबर टाकला की सगळ्या गाड्यांचे निघतात. हिचाच एक नाही."

"अरे, फोटो बघून लग्न करतात. गाडी चालवून बघतात. आणि तुझं तर लग्नही झालेलं नाही!"

सगळे हसले. नोदार छत्तिशीचा, बिनलग्नाचा. लामारा दर रविवारी फोनवर त्याचं डोकं खायची, "मी येईन तेव्हा घरात सून दिसली पाहिजे."

नोदारनं आपला मित्र अवतो बरोबर नेला होता. तो मेकॅनिक. गाडीखाली आडवा झाला, इंजिनाला कान लावून आला. "इंजिन सोनं आहे," म्हणाला. मग पुढचं उजवं, ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडून बराच वेळ उभा राहिला. सीटचा पट्टा ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा.

"बाकीचे पट्टे जुने. हा एकच कोरा. का?"

"उंदरानं कुरतडला होता," जुंबेर म्हणाला.

"उंदीर पुढच्या सीटवर बसून फिरायला निघाला होता काय रे? माणूस आत अडकला की पट्टा कापतात. कापूनच बाहेर काढतात."

जुंबेरनं छातीवर हात ठेवला. "माझ्या लेकरांची शपथ, ह्या गाडीत कुणी मेलेलं नाही! असं कर नोदार, गाडी आज रात्री घेऊन जा. आईला आण, तिला विचार. उद्या हो म्हण नाहीतर नाही म्हण. सणाच्या तोंडावर मी का खोटं बोलू?"

गॅरेजमागं मेज मांडलेलं होतंच. खिमा भरलेली गरम खिंकाली, भाजलेलं मांस, जुंबेरच्या घरची दारू. गाडी चालवायची म्हणून नोदारनं नुसते ओठ ओले केले. पण मेजावर बसलात म्हणजे चषक उचलून दोन शब्द बोलावेच लागतात. एकानं नव्या गाडीचं नाव घेतलं, एकानं सगळ्यांच्या आईचं. नोदारची पाळी आली. तो आनंदात होता. सगळ्यांना हसवावं म्हणून उभा राहिला.

"जो कोणी हिच्या उजव्या सीटवर बसायचा, त्याला उदंड आयुष्य! जिथं असेल तिथून येवो आणि आमच्या मेजावर बसो. त्याची जागा मी राखून ठेवलीय!"

सगळे प्याले. एकट्या अवतोनं चषक खाली ठेवला.

"काय झालं रे?"

"मेलेला असला तर?" अवतो हळूच म्हणाला. "जित्याचा घोट मेल्याच्या नावानं घेतलास तू."

तुम्हाला सांगायला नको, पोरांनो. मेलेल्यांचा घोट वेगळा. पावावर दोन थेंब सांडायचे, शांती मागायची, आणि मग प्यायचं. मेलेल्याला आयुष्य मागायचं नाही. आणि 'ये, बस' असं तर मुळीच म्हणायचं नाही. पण जुंबेर हसला, नोदार हसला, आणि विषय संपला. जुंबेरनं लामारासाठी दारूची एक बाटली गाडीत ठेवली.

अंधार पडता पडता तो निघाला. गोरीपर्यंत गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. त्यानं मनात गाडी घेऊनही टाकली होती. सुरामीला थांबून आईसाठी गरम नाझुकी घेतली. मनुकांची ती गोड रोटी म्हणजे लामाराचा जीव की प्राण. पिशवी त्यानं मागच्या सीटवर ठेवली. पुन्हा रस्त्याला लागला, तोच...

टिंग.

पट्टा लावला नाही की वाजते ती घंटी. त्यानं स्वतःचा पट्टा चाचपला. लावलेला होता. समोर लाल दिवा उजव्या सीटचा. कुणी सीटवर बसलं असेल, तरच तो लागतो. सीट रिकामी होती.

टिंग. टिंग.

"बिघडलीय वाटतं," तो मोठ्यानं म्हणाला. "बरंच झालं. उद्या भाव पाडून मागता येईल."

घंटी थांबेना. वैतागून त्यानं एका हातानं रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खट्कन लावून टाकला. घंटी बंद. त्याला बरं वाटलं.

रिकोतीच्या डोंगरात धुकं होतं. बोगद्यात शिरला तसा आत पिवळा उजेड आला. नोदारची नजर सहज उजवीकडं गेली.

रिकाम्या सीटवर पट्टा कसा पडतो? चपटा. पाठीला चिकटून.

हा चिकटलेला नव्हता. ताणलेला होता. पाठीपासून वीतभर पुढं. मधे कुणीतरी असावं तसा.

नोदारनं समोर पाहिलं. नुसतं समोर. बोगदा संपेना. अवतोचं बोलणं कानात घुमत होतं. आणि स्वतःचं. जागा मी राखून ठेवलीय... काही तासांत त्याची आई येणार होती. त्याच सीटवर बसणार होती.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

काही नाही.

"मी... मी थट्टा केली. ऐकतोयस?"

उजवीकडची काच. आतून... हळूहळू... धुरकट होत होती. मग स्वच्छ. मग पुन्हा धुरकट.

बोगद्यापलीकडं वळणावर अपघातात गेलेल्या कुणा पोराच्या आठवणीचा दगड आहे, थांबून दोन थेंब सांडणाऱ्यांसाठी बाकासकट. माहीत आहे ना तुम्हाला? मी बस तिथं कितीदा थांबवलीय. नोदारनं तिथं गाडी उभी केली, बाटली घेतली, एक नाझुकी मोडली. अर्धी दारू बुटावरच सांडली. रोटीवर थेंब टाकून त्यानं तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली. "देवा, हिच्यात जो गेला असेल त्याला शांती दे." नाव घ्यायला हवं होतं. नाव माहीत नव्हतं. "ज्याचं नाव मला ठाऊक नाही, त्याला..." आणि तो एक घोट प्याला.

परत येऊन भीत भीत आत डोकावला. पट्टा सीटला चिकटून पडला होता. काच कोरडी. त्यानं पट्टा सोडवला, तो सुटला. घंटी वाजली नाही. नोदार स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. गेली बला, म्हणाला.

कुटाईसीपर्यंत काही झालं नाही. विमान आलं. लामारा बाहेर आली, दोन बॅगा, केस पांढरे झालेले. सात वर्षांनी आई! नोदारनं तिला मिठी मारली आणि गाडीचं, धुक्याचं, सगळं विसरला. हसत, बॅगा ओढत तो तिला गाडीपाशी घेऊन आला.

लामारा थबकली. तोंडभर हसली.

"अगं बाई! लबाडा, फोनवर एका शब्दानं बोलला नाहीस!"

"काय, आई?"

"काय म्हणे! सून पुढं बसवून आणलीस आणि मलाच विचारतोस?" तिनं काचेकडं बघून हात हलवला. "लाजतेय वाटतं. वर बघत नाही."

नोदारनं पाहिलं. पुढं कुणी नव्हतं.

"आई... चल."

"थांब रे. झोपलीय का ती? मान बघ कशी पडलीय..." लामाराचं हसू हळूहळू विरलं. "नोदार... मान अशी... इतकी कशी वळते रे?"

त्यानं आईचा दंड धरला. नाझुकीची पिशवी मागच्या सीटवर, दारू आतच, गाडी उघडी. एका हातात आई, दुसऱ्यात बॅगा, किल्ली वाटेतल्या चहाच्या टपरीवर टाकलेली, समोर सुटायला आलेली मिनीबस. दोघं तिनंच घरी आले. जुंबेरला त्यानं सकाळी एवढंच कळवलं की गाडी विमानतळावर आहे, किल्ली तिथल्या चहाच्या टपरीवर, आणि मला ती फुकटसुद्धा नको.

घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं, मेजावरच्या थट्टेपासून. त्याला वाटलं, आता ती घाबरेल नाहीतर शिव्या घालेल. शिव्या घातल्याच.

"मूर्खा! पाहुण्याला मेजावर बोलावलंस आणि दगडापाशी दोन थेंब सांडून वाटेतून हाकलून देतोस? पाहुणा म्हणजे देवाचा माणूस! तिनं कुठं जायचं आता?"

"आई, ती मेलेली आहे!"

"मेलेली तर मेलेली. परमुलखात पडलेली पोर आहे. इथल्या कुठल्याच मेजावर तिचं कुणी नाही. सात वर्षं मी परक्यांच्या मेजाच्या कोपऱ्यावर जेवले, मला विचार तसं बसणं काय असतं."

दुपारी गिओर्गोबाचं जेवण होतं. शेजारी म्हणून मलाही बोलावलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी मोजली तर एक खुर्ची जास्त. उजव्या टोकाला. ताट वाढलेलं, चषक भरलेला, आणि खुर्चीच्या पाठीवर लामाराची इटलीहून आणलेली राखी शाल टाकलेली. "कोण यायचंय?" मी विचारलं. "आहे कुणीतरी," ती म्हणाली. मग लामारा उभी राहिली. बायका सहसा चषक उचलून बोलत नाहीत, पण ती बोलली. पावावर थेंब सांडले आणि म्हणाली, "पोरी, तुझं नाव आम्हाला ठाऊक नाही. तू इथं आमची आहेस. खा, पी, आणि शांत हो." नोदार ढसाढसा रडत होता. मला वाटलं, आई आल्याचा आनंद.

नोदार आता मिनीबस चालवतो. लामारा परत इटलीला गेली नाही. अडचणीत आहेत, पण एका छपराखाली आहेत. आणि जुंबेरनं ती गाडी पंधरवड्यात विकली म्हणे, घेणाऱ्यानं पुन्हा विकली, आणि अजून बाजारात फिरतेय. काळी. आत सायीच्या रंगाचं चामडं. लेवान, फोन का लपवतोस रे? मी काही विचारलं का तुला?

हां, शेवटचं राहिलं. त्या दिवशी जेवणं आटोपून सगळे अंगणात गेले. माझी टोपी आत राहिली होती, ती घ्यायला मी एकटाच परत आलो. ताट जसंच्या तसं होतं, कुणी हात लावला नव्हता. पण पाठीवरची शाल पाठीवर नव्हती. उजव्या खांद्यावरून तिरकी डाव्या कमरेशी आली होती, आणि तिचं टोक बैठकीच्या फटीत घट्ट खोचलेलं होतं. लामारानं केलं नव्हतं, नोदारनं नाही, मी दोघांनाही विचारलंय. शाल ताणलेली होती. खुर्चीच्या पाठीपासून वीतभर पुढं.

मधे हात घालून बघावं, असं मनात आलं होतं. मला धीर झाला नाही.