आधीच सांगितलेलं नाव

प्रतिमाच्या बाळंतपणासाठी तिची आई, अहिल्याबाई, साताऱ्याहून अमेरिकेत, ॲन आर्बरला आल्या त्या डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊनच. पण नात बघायच्या महिनाभर आधी, २००६ च्या जानेवारीत, ऐन बर्फात, त्या इथल्या हॉस्पिटलमध्ये वारल्या. शेवटी शेवटी लेकीच्या पोटावर हात ठेवून त्या एकच शब्द बोलत होत्या: डिअर्ड्रा.

"आयरिश नाव आहे, मुलीचं," नर्स म्हणाली होती. "आईची कोणी मैत्रीण?"

साताऱ्यात? अहिल्याबाईंना इंग्रजीसुद्धा धड येत नव्हतं.

प्रतिमा पुस्तकांत वाढलेली. अवघडलेल्या अंगाने ती युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन बसली. एका कोशात अर्थ होता दुःखी. दुसऱ्यात, संतापलेली. कुठे अखंड कुजबुजणारी, तर कुठे नुसतंच 'बाई'. मूळ म्हणे कुणालाच नक्की ठाऊक नाही. आईने नातीला आशीर्वाद दिला होता, की लेकीला सावध केलं होतं? तिला तेवढंच कळायला हवं होतं.

"आईंना आयरिश येत होतं, आणि जावयाला पत्ता नाही," विनय म्हणाला. तिला हसवायला म्हणून. ती हसली नाही. मुलीचं नाव अनिका ठरलं.

बारशाला विनयची धाकटी बहीण रुचा विमानाने हर्नडनहून आली. क्रिबमध्ये अहिल्याबाईंचं मऊ लुगडं अंथरलं होतं. खोलीत घुगऱ्यांचा आणि वेखंडाचा वास. नाव सांगायला रुचा बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हात उगारले.

रुचा वाकलेलीच राहिली.

"आत्याबाई, गुपितं नंतर! आमचे हात दुखले," शेजारच्या काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

रुचा सरळ झाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सांगितलंस?" प्रतिमाने विचारलं.

"नाही, वहिनी. मी वाकले तेव्हा कुणीतरी आधीच सांगत होतं."

हात खाली आले.

"काय सांगत होतं?"

"दादा फोनवर म्हणाला होता, ते आयरिश नाव. आणि त्याचा अर्थ."

"कोणता अर्थ?"

रुचाने बाळाच्या कानावर तळहात घट्ट दाबून धरला.

बाळाने मान वळवली. दुसरा कान वर आला.

आणि गोष्ट ऐकणाऱ्या मुलीसारखा तिने हळूच हुंकार दिला.