लॉर्ड रॉजर अजून गेले नाहीत

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या वेणीवर पाय दिला.

दोष माझाही होता म्हणा. चर्चमध्ये शहाणी माणसं बाकावर बसतात. मी लॉर्ड रॉजर ऑड्रिंगहॅम यांचं थडगं आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पालथी पडले होते. हातात बॅटरी, नाकात सहाशे वर्षांची धूळ, आणि वेणी मागे वाटेत लोळत पडलेली. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, त्यामुळे दार उघडल्याचा आवाजही आला नाही.

"आई गं!"

"बाप रे! थडगं बोललं!"

"थडगं नाही, मी बोलले! पाय काढा आधी!"

मी सरपटत बाहेर आले. समोर एक उंच, भिजलेला तरुण उभा होता. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की हसू आत कोंडलंय हे आंधळ्यालाही कळावं.

"माफ करा हं... मी एमरिस वॉन. पाटी कोरायला आलोय. तुम्ही इथंच राहता का? खाली?"

"टॅमसिन पाइक. वंशावळी लावून देते मी. लेडी ऑड्रिंगहॅमनी तारीख शोधायला बोलावलंय."

"म्हणजे त्या तुम्ही! अहो, माझं सगळं काम तुमच्यापाशी अडलंय."

अडलं होतं खरंच. थडग्यावरची अक्षरं झडत चालली होती, म्हणून लेडी ऑड्रिंगहॅमनी शेजारी लावायला काळ्या दगडाची नवी पाटी करायला सांगितली होती. एमरिसच्या कागदावर सगळा मजकूर तयार होता, फक्त तारखेची जागा कोरी. कारण थडगं सांगत होतं, लॉर्ड रॉजर वीस ऑक्टोबर १३९१ला वारले. आणि टेकडीखालच्या मोडक्या मठात सापडलेल्या प्रार्थनेच्या पोथीत त्यांची पुण्यतिथी होती सहा ऑक्टोबर. साल तेच, घराणं तेच, माणूस तोच. खानदानी झाला म्हणून काय कुणी दोनदा मरतं?

"नीट खात्री करून सांगा बरं का," एमरिस म्हणाला. "कागदावरचं खोडता येतं. दगडावरचं नाही."

"आणि सांगितल्यावर?"

"कोरतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑर्कनीची बोट पकडतो. तिकडे बेटावर मोठं काम मिळालंय. सहा महिने तरी जातील."

जा की खुशाल, मी मनात म्हटलं. त्या दिवशी तेवढंच वाटलं होतं.

मग रोजची गंमत सुरू झाली. माझं टेबल पाद्रीबाबांच्या कपडे बदलायच्या खोलीत, त्याचा दगड बाहेर खिडकीखाली. दिवसभर त्याची टक्‌टक्‌ चालायची. ती थांबली की माझंही वाचन थांबायचं, कारण आता तो दारात येणार हे ठरलेलं. 'अहो-जाहो' दोन दिवसांत गळून पडलं. मी चीज आणि लोणच्याची सँडविचं आणायचे, तो त्याच्या आईनं तव्यावर भाजलेले मनुकांचे केक. डोंगरापलीकडचा वेल्श गडी, बोलायला लागला की वाक्याच्या शेवटी सूर असा वर न्यायचा की मला हसू आवरायचं नाही.

"तू बोलतोस की गातोस रे?"

"आणि तुम्ही इंग्रज? कपाला धक्का लागला तरी कपाची माफी मागता. काल ऐकलं मी."

"चोरून ऐकतोस?"

"चोरून कशाला? तू केवढ्यांदा मागितलीस!"

दुपारच्या चहाला त्याचा एकच प्रश्न ठरलेला.

"काय गं, गेले का लॉर्ड रॉजर?"

"नाही रे. अजून आहेत."

"तब्येत?"

"ठणठणीत!"

एकदा त्यानं मला छिन्नी धरायला शिकवली, एका फुटक्या तुकड्यावर. माझ्या मनगटाखाली त्याचा हात होता.

"सैल सोड."

"सैलच आहे."

"मग थरथरतंय का?"

"थंडी... आहे."

"सप्टेंबरात?"

मी छिन्नी सोडली नाही. त्यानंही हात काढला नाही. मला तो आवडला होता. झालं, सांगून टाकलं.

त्याच्या पाटीला कडेनं एक वेल होती. रोज तिला एखादं पान फुटायचं. सुरेख दिसत होती. मला वाटलं, लेडीसाहेबांचीच फर्माईश असणार.

आणि मग एका मंगळवारी मला उत्तर सापडलं.

रॉजर यांचा एकुलता एक मुलगा फुल्क. त्या काळी जन्माची नोंद कोण ठेवतंय! मुलगा वयात आला की शेजारीपाजारी येऊन त्याचा जन्मदिवस शपथेवर सांगायचे. फुल्कसाठीही बारा जण आले होते. एक म्हणतो, तो जन्मला त्याच दिवशी माझी गाय विहिरीत पडली. दुसरा म्हणतो, त्याच दिवशी सासूनं मला घराबाहेर काढलं, विसरेन कसा? सगळ्यांचा दिवस एकच. सेंट लूकचा सण, १३७० सालचा अठरा ऑक्टोबर. म्हणजे १३९१च्या अठरा ऑक्टोबरला फुल्क एकवीस वर्षांचा झाला. आणि बाप वारला वीसला. दोनच दिवसांनी! इतक्या सोयीनं कोण मरतं?

मी खुर्चीत ताठ झाले. कारण मुलगा एकविसाचा व्हायच्या आत बाप गेला, तर तो मुलगा राजाच्या ताब्यात जायचा. जमिनीचं उत्पन्न राजाला, आणि मुलाचं लग्न लावायचा हक्कही राजाचा. तो हक्क राजा सरळ विकायचा. विकत घेणारा आपली कुठलीही भाची-पुतणी गळ्यात बांधायचा. आणि फुल्कनं त्याच हिवाळ्यात लग्न केलं होतं लोकरीच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी, ॲग्नेसशी. पैशानं बेताची, कुळानं त्याहून बेताची. म्हणजे मनानंच केलेलं लग्न.

रॉजर सहालाच गेले होते. त्यांच्या बायकोनं, लेडी पेट्रोनिलानं, कुणाला पत्ता लागू दिला नव्हता! मला तर ती दिसायलाच लागली. डोळ्यांतलं पाणी आवरून दार लावून बसलेली. रोज सूपचा वाडगा वर जातोय, रिकामा खाली येतोय, आणि सूप कोण पितंय देव जाणे! मुलगा एकविसाचा झाला तेव्हाच बाईनं रडायला सुरुवात केली. थडग्यावरही खोटीच तारीख घातली, ती राजाची माणसं वाचणार होती ना. पण मठातली प्रार्थना? तीही तिनंच लावून दिलेली. नवऱ्याच्या आत्म्यासाठी होती ती. राजाला फसवणं तिला जमलं, देवाला फसवणं जमेना. तिथं तिनं खरा दिवस सांगितला.

मी धावतच बाहेर आले. "एमरिस—"

तो दगडावर फुंकर मारत होता. मान वर करून हसला. "काय गं, गेले का लॉर्ड रॉजर?"

आणि मला बोट दिसली. ऑर्कनीची.

"नाही," मी म्हटलं. "अजून... आहेत."

उद्या सांगेन, म्हटलं. उद्याचा परवा झाला, परवाचे पंधरा दिवस झाले. मी रोज जुनी पानं उलटत बसायचे, तीच तीच. एमरिस रोज विचारायचा, मी रोज लॉर्डसाहेबांना ठणठणीत ठेवायचे. आनंदात होते, आणि घाबरलेली होते, दोन्ही एकदम.

शेवटी लेडी ऑड्रिंगहॅमनी चहाला बोलावलं. ऐंशी पार केलेली बाई, मांडीवर कुत्रं, नजर सुईसारखी.

"टॅमसिन, माझ्या नवऱ्याच्या पूर्वजाला तू अजून किती दिवस जिवंत ठेवणार आहेस?"

मी जीभ चावली. मग सगळं सांगितलं— गाय, सासू, सूप, पेट्रोनिला. म्हातारीनं ऐकता ऐकता कुत्र्याला अख्खा केक भरवला.

"म्हणजे आमचं घराणं त्या बाईच्या थापेवर उभं आहे!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "फुल्क आणि ॲग्नेसची सात पोरं, त्यातूनच पुढचे आम्ही सगळे. आणि पाटीवर तिचं नावसुद्धा नाही?"

"नाही. थडग्यावरही नाही."

"हं. आणि हे तुला आज कळलं?"

मी कपातली विरघळलेली साखर पुन्हा ढवळायला लागले.

"तिनं मुलासाठी लपवलं. तू कुणासाठी लपवते आहेस?" त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "जा, सांगून ये त्या पोराला. तारीखही सांग, आणि दुसरंही."

चर्चपर्यंतची वाट मी कशी गेले मला आठवत नाही. उन्हं त्याच्या पाठीवर आली होती. त्यानं विचारायच्या आतच मी म्हटलं,

"गेले. सहा ऑक्टोबरला."

छिन्नी थांबली. मी उभ्याउभ्याच सगळी गोष्ट सांगितली. शेवटी तो म्हणाला, "काय बाई होती! कधी कळलं तुला?"

आता खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस?"

"सांगितलं असतं तर तू कोरलं असतंस. कोरलं असतंस तर गेला असतास. आणि मला... मला तू जायला नको होतास, एमरिस. रागाव हवं तर. पण मला तू फार आवडतोस."

त्यानं छिन्नी खाली ठेवली. मग त्यानं मला हाताला धरून पाटीपाशी नेलं.

"ही वेल कशी वाटते?"

"छान आहे. पण त्याचा इथं काय—"

"लेडीसाहेबांनी वेल सांगितलीच नव्हती."

"मग?"

"मजकूर कधीच संपला होता गं. बाकी सगळं कोरून झालं, आता नुसतं बसून राहिलो तर मला धाडून देतील, म्हणून रोज एकेक पान काढत होतो. तू आणखी आठवडाभर थांबली असतीस तर पक्षी आले असते. मग बहुतेक ससे."

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यानं अंगठ्यानं ते पुसले. माझ्या गालावर दगडाची भुकटी लागली, ती पुसायला तो आणखी जवळ आला... आणि मग भुकटीचं पुढे काय झालं, ते आम्ही दोघंही विसरलो.

"खाकरले तर चालेल का?" मागून आवाज आला. लेडी ऑड्रिंगहॅम, काठी आणि कुत्र्यासकट. आम्ही दचकून लांब झालो.

"तारीख सहा घाला," त्या म्हणाल्या. "खाली एक ओळ वाढवायची आहे. 'आणि त्यांची पत्नी पेट्रोनिला, जिच्या धीरामुळे हे घराणं मनासारखं लग्न करू शकलं.' अक्षरं मोठी हवीत. घाई केलेली मला चालणार नाही."

"पण शनिवारी पाटी बघायला सगळे नातेवाईक येणार आहेत ना?" मी म्हटलं.

"सहाशे वर्षं थांबलेत. आणखी तीन आठवडे थांबतील." आणि जाता जाता माझ्याकडे बघून त्यांनी चक्क डोळा मिचकावला. ऑड्रिंगहॅम घराण्यात बायकाच वेळ काढून देतात, हे मला तेव्हा कळलं.

ते तीन आठवडे कसे गेले ते विचारू नका. पेट्रोनिलाच्या नावातलं शेवटचं अक्षर त्यानं माझ्या हातून कोरून घेतलं. ते किंचित वाकडं आहे. लेडीसाहेब म्हणाल्या, राहू दे. पाटी भिंतीवर चढली, नातेवाईक आले, शेरी पिऊन गेले, आणि चर्चमध्ये आम्ही दोघंच उरलो. तो हत्यारं कापडात गुंडाळत होता.

"ऑर्कनीच्या त्या कामात तारखेचा मोठा घोळ आहे म्हणे," तो खाली बघतच म्हणाला. "कुणीतरी जाणकार लागणार."

"खरंच?"

"अजून नाही. पण मी पोचलो की होईल."

मी त्याच्या भुवईवरची भुकटी पुसली आणि म्हटलं, "बोटीची दोन तिकिटं काढ."